वडिलांना बोलवा

मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलेला प्रश्न मी विसरलेले नाही. तुमच्या तिकडच्या शाळेत धर्मगुरूंना सगळे फादर म्हणतात. वर्गातल्या एका मुलीने शुभवर्तमानातलं ते वचन काढून दाखवलं, की पृथ्वीवर कोणाला आपला पिता म्हणू नका असं येशूनेच सांगितलं आहे. मग थोरलीने आणखी शोधलं. तिला पौलाचं पत्र सापडलं, ज्यात तो करिंथच्या मंडळीला सरळ लिहितो की शुभवर्तमानामुळे तुमचा बाप मी झालो. "आजी, दोघांतलं खरं कोणाचं?" असं तुम्ही विचारलंत आणि उत्तराची वाट न पाहता फोन आईकडे दिलात. बरं झालं, कारण उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं. अजूनही नाही. पण हाच प्रश्न आमच्याकडे गेल्या हिवाळ्यात आला होता, आणि त्यात एका आजारी बाईचा जीव अडकला होता. ते जसं घडलं तसं लिहिते. आई वाचून दाखवील.

आमच्या जळगावच्या लहानशा चर्चमध्ये पूर्वी एक पाळक होते. पस्तीस वर्षं त्यांनी ही मंडळी सांभाळली. त्यांना सगळे आबा म्हणत. खानदेशात हे नाव कोणी ठरवून देत नाही. घरात, गल्लीत, बाजारात एखादा माणूस आबा होतो, दुसरा नाना होतो, तिसरा भाऊ, आणि मग त्याचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरतं. आबा मूळचे धुळ्याकडचे. निवृत्त झाल्यावर ते धुळ्यात लेकीकडे राहायला गेले, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी एसटीने जळगावला यायचे आणि तिसऱ्या बाकावर बसायचे. ब्याऐंशी वर्षांचं वय. उपासना संपली की बायका त्यांच्याभोवती जमत. "आबा, डोक्यावर हात ठेवा," "आबा, सुनेसाठी प्रार्थना करा," असं चालायचं. त्यांना निघायला तासभर लागायचा.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवे पाळक आले. तिशीचे, नगरकडचे, अभ्यासू. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले, हे आधीच सांगून ठेवते. ते खुर्च्या स्वतः मांडायचे, आणि उपदेशात जे बोलायचे ते आधी स्वतःला लावून पाहायचे. एका रविवारी त्यांनी तेच वचन घेतलं जे तुमच्या मैत्रिणीने घेतलं. गुरुजी म्हणवून घेऊ नका, पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, स्वामी म्हणवून घेऊ नका. ते म्हणाले, "आजपासून मला पाळकसाहेब म्हणू नका. साहेब कोणी नाही. मला नुसतं भाऊ म्हणा."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्यांना कळेना. नगरकडे भाऊ म्हणजे भाऊ. आमच्या जिल्ह्यात चौकाचौकात ज्यांच्या वाढदिवसाचे फलक लागतात ते भाऊ. आमच्या पंचांपैकी एकजण हळूच म्हणाले, "साहेब सोडले आणि थेट आमदार झाले!" मलाही हसू आवरेना.

ते तिथेच थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण ते मनापासून बोलत होते आणि मनापासून बोलणारा माणूस एक वाक्य जास्त बोलतो. ते म्हणाले, "आणि आबा हे नावसुद्धा. प्रभूने प्रार्थनेत देवाला अब्बा म्हटलं. ती हाक त्या एकाची आहे. आपण ती माणसाला देऊन बसलो."

तो महिन्याचा पहिला रविवार होता. तिसऱ्या बाकावर आबा बसले होते. त्यांनी मान हलवली, अगदी शांतपणे, चूक दाखवलेला विद्यार्थी हलवतो तशी. उपासना संपल्यावर एक म्हातारी "आबा" म्हणत पुढे आली, तर ते म्हणाले, "नको, बाई. तसं नको म्हणू." आणि कोणाच्या डोक्यावर हात न ठेवता ते बसस्टँडकडे चालू लागले. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर लेक सांगे, "बरे आहेत. बोलत नाहीत फारसं."

मला राग आला होता. राग आला की मी वही काढते, ही शाळेत शिकवत असतानाची सवय. एका पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे, कोणी कोणावर मोठेपणा करू नये असं सांगणारी वचनं. प्रभूची ती तीन वाक्यं, जो मोठा व्हायचा त्याने सेवक व्हावं, पेत्राचं कळपावर धनीपणा करू नका, योहानाचं तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. उजवीकडे त्याच्या उलट. पौलाचं मी तुमचा बाप, इब्री लोकांच्या पत्रातलं आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा, चांगला कारभार करणाऱ्या वडिलांना दुप्पट मान द्या, देवानेच काहींना पाळक आणि शिक्षक म्हणून दिलं. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या भरल्या. गंमत अशी की आपल्या मराठीत घोटाळा आणखी वाढतो. इंग्रजीत मंडळीच्या कारभाऱ्यांसाठी वेगळा शब्द आहे आणि बापासाठी वेगळा. मराठी शास्त्रात मंडळीचे कारभारी म्हणजे 'वडील', आणि घरात बापालाही आपण वडीलच म्हणतो. एका पानावर म्हणा, कोणी पिता नाही. दुसऱ्या पानावर म्हणा, आजारी पडलात तर मंडळीच्या वडिलांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी.

आणि नेमकं तसंच बोलावणं आलं.

एका रविवारी उपासना सुटताना मोटारसायकलवरून एक शेतकरी आला. पंचावन्नच्या आसपासचा, डोक्याला मफलर, खांद्यावर कापसाचे धागे. चाळीसगावपासून धुळ्याच्या वाटेवर त्याचं गाव. तो म्हणाला, "बाई, मी अक्काना भाचा. तिनी आबाले बलायेल शे."

अक्का तुम्हाला आठवणार नाही. तुम्ही लहान असताना ती तुम्हाला चर्चच्या अंगणातल्या चिंचा सोलून द्यायची. तिचा नवरा चर्चचा राखणदार होता आणि ती दोघं आवारातल्या खोलीत राहत. बाविसाव्या वर्षी बापाच्या मनाविरुद्ध तिने त्याच्याशी लग्न केलं आणि बाप्तिस्मा घेतला. बापाने गावात सांगितलं, मला मुलगी नव्हतीच. तो तिच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. तिचं कन्यादान म्हणा की काय म्हणा, ते आबांनी केलं. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर तिच्या भावाने मात्र तिला माहेरी नेलं, आणि भाऊ गेल्यावर हा भाचा तिला बघत होता. तो देवळात नारळ फोडणारा, आणि रविवारी आत्याच्या हातात तिचं शास्त्र आणून देणाराही तोच. आता डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हणून सांगितलं होतं.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"म्हणस, पुस्तकमा लिखेल शे. आजारी पडं तर वडीलले बलावा. मी म्हंतं, आत्या, तुना वडील तर मना आजा, तो कव्हयना गया. ते म्हणस, तो नही, आबा." भाच्याने डोकं खाजवलं. "तुम्हनं पुस्तक कठीण शे, बाई. आमना भगत बरा, नारळ लेस नि मोकळा व्हस."

नव्या पाळकांनी ते ऐकलं. ते म्हणाले, "मंडळीचे वडील म्हणजे मंडळीचा पाळक. ते माझं काम आहे." आणि जेवायलाही न थांबता, तेलाची लहान बाटली खिशात घालून, त्या मोटारसायकलच्या मागे बसून निघाले. शंभर किलोमीटर. म्हणून म्हणते, ते मला आवडायचे.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. अक्काने त्यांना पाणी दिलं, जेवायला घातलं, कुठले, काय, लग्न झालं का, सगळं विचारलं. पण तेल लावू दिलं नाही.

"त्या म्हणाल्या, पोरा, तू वडील कसा? तू तर मना नातूना वयना." ते अहिराणी बोलायचा प्रयत्न करत होते आणि ते मोठं गोड वाटत होतं. "मी समजावलं की वडील हे पद आहे, वय नाही. त्या म्हणाल्या, पद तुझं तुझ्याजवळ ठेव, वडील पाठव."

मी चहा ठेवला. माझी वही टेबलावर उघडी होती. ती मी मुद्दाम उघडी ठेवली होती असं तुमची आई म्हणेल, आणि ती खोटं बोलणार नाही. त्यांनी पान वाचलं. सर्वात खाली मी एक वचन लिहिलं होतं. ते कोणत्या रकान्यात घालावं हे मला ठरवता आलं नव्हतं, म्हणून रेघेवरच लिहिलं होतं. पौल तरुण तीमथ्याला सांगतो, वडील माणसाला रागावून बोलू नको, त्याला बापासारखा मानून समजाव.

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ह्या वचनावर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती, बाई."

"गुण?"

"चांगले होते." ते कसंनुसं हसले. "आबांना आणायला मी येतो. माफी मागायचीच आहे."

आपणही 'आबा' म्हणालो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही दाखवून दिलं नाही.

दुसऱ्या सकाळी एका पंचांची जुनी गाडी मागून घेऊन आम्ही एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. आबा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. वाळले होते. तरुण पाळकांनी वाकून माफी मागितली. आबा म्हणाले, "माफी कशाची? तुम्ही वचन वाचलंत. वचन वाचल्याबद्दल कोणी माफी मागतं का?" त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते ऐकायला कठीण गेलं.

मी अक्काचा निरोप सांगितला. शेंगा सोलणारे हात थांबले.

"मी नाही येणार, बाई. दुसऱ्या कोणाला न्या."

मग मी माझं व्याकरण काढलं. म्हटलं, आबा, प्रभू म्हणाले, म्हणवून घेऊ नका. प्रयोजक क्रियापद आहे. तुम्ही कधी म्हणवून घेतलं नाही, लोकांनी म्हटलं. दोन्हीत फरक आहे.

"तीन वाक्यं आहेत," ते म्हणाले. "पहिलं आणि तिसरं तुम्ही म्हणता तसं. मधलं वाचा. मधलं म्हणतं, म्हणू नका. नुसतं म्हणू नका." त्यांना ते माझ्यापेक्षा पाठ होतं. "आणि बाई, मी म्हणवून घेतलं आहे."

आतून त्यांची लेक भाजी चिरता चिरता ओरडली, "आबा, पुन्हा तेच? मी काय म्हणू मग तुम्हाला? साहेब म्हणू? अहो साहेब, शेंगा सोलून झाल्या का?"

ते हसले नाहीत. शेंगांचं सूप बाजूला ठेवून त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते त्यांनी त्याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही. आत सुरी थांबल्याचं मला ऐकू आलं.

अक्काच्या लग्नाला वर्ष झालं असेल. एका दुपारी चर्चच्या फाटकाशी एक शेतकरी येऊन उभा राहिला. आबा तेव्हा पस्तिशीच्या पुढचे, नवी मंडळी, हाताखाली माणसं थोडी. त्यांनी ओळखलं, हा तिचा बाप. लग्नाच्या वेळी भांडण फार झालं होतं. आबांना भीती वाटली, की हा तिला घेऊन जाईल, किंवा ती त्याला पाहून स्वतःच निघेल. ती तेव्हा शंभर पावलांवर खोलीत भाकरी करत होती. त्यांनी फाटक उघडलं नाही. तो माणूस म्हणाला, मी तिचा बाप आहे, एकदा बघून जातो.

"मी म्हणालो, इथे तिचा बाप मी आहे." आबांनी हातांकडे पाहिलं. "पौलाचंच वाक्य, बाई. पौलाने ते पत्रात लिहिलं. मी ते फाटकावर बोललो. तो मागे वळला. गेला. दोन वर्षांनी वारला. आणि ती बिचारी आयुष्यभर लोकांना सांगत राहिली, बापाने मला टाकलं, आबांनी सांभाळलं. माझ्यासमोर सांगायची. मी ऐकून घ्यायचो."

मला माझ्या वहीतलं एकही वचन आठवलं नाही. तुम्हाला खरं सांगते, तोपर्यंत मी हा सगळा शब्दांचा घोटाळा समजत होते. दोन वचनं, दोन रकाने, नीट लावली की सुटतील. पण तेच वाक्य एका माणसाने मंडळीसाठी जीव टाकून लिहिलं होतं, आणि त्याच वाक्याने दुसऱ्याने एका बापाला फाटकावरून परत पाठवलं होतं. शब्द एकच. मला वाटतं प्रभूने ती मनाई अशा फाटकांसाठी केली असावी, पण हे माझं मत आहे. तुम्ही मोठे झालात की तुमचं बनवा.

तरुण पाळक ओट्यावर त्यांच्याजवळ टेकले. ते म्हणाले, "त्या अक्कांनी जे वचन धरलं आहे ना, वडिलांना बोलवा, तेल लावा... त्याच्या पुढेच लिहिलं आहे की..."

"एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा," आबांनी पुरं केलं. "माहीत आहे. त्या अध्यायावर मी किती उपदेश केले असतील. दर वेळी तेलापाशी थांबलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण आता तिला सांगून तिला काय मिळणार? ती निघालेली बाई. मी माझं ओझं उचलून तिच्या खाटेवर टाकू? एवढी वर्षं नाही सांगितलं, आणि आता सांगू, म्हणजे मला बरं वाटावं म्हणून?"

हा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर दिलं आबांच्या लेकीने. ती ओले हात पुसत बाहेर आली, डोळे लाल होते. खुंटीवरचा स्वेटर काढून तिने त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मी जर ती असते ना आबा," ती म्हणाली, "तर मला कळायला हवं होतं. मला कोणी भेटायला आलं होतं हे मला मरायच्या आधी कळायला हवं होतं. ते तुमचं ओझं नाही. ती तिची वस्तू आहे. नेऊन द्या. घाला स्वेटर."

धुळ्याहून ते गाव तासाभराचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वेचणी चालली होती, बायका ओढण्या पोटाशी बांधून कापूस भरत होत्या. भाचा वेशीपाशी उभा होता. आबांना पाहून तो इतका खूश झाला, की त्याने पायांवर डोकंच ठेवलं. आबा दचकून मागे सरले.

अक्काची खाट ज्या खोलीत होती तिथेच घरचा कापूस रचलेला होता, छताला टेकेल एवढा. तिची जागा त्या पांढऱ्या ढिगाच्या कुशीत. ती अगदी लहान झाली होती. पण आवाज तोच.

"उनात का आबा? मी म्हंतं, येतीन. हाऊ पोरगा गयामा तेलनी बाटली बांधी फिरस, त्याले सांगं मी, वडील आनी दे."

पाळकांनी खिशावर हात ठेवला. बाटली गळ्यात नव्हती, खिशात होती.

"माले आबा नको म्हणू," आबा तिच्याच बोलीत म्हणाले. मी त्यांना इतक्या वर्षांत अहिराणी बोलताना फार कमी ऐकलं होतं. "पहिले ऐकी ले. मंग जे म्हणानं ते म्हण."

आणि त्यांनी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, थोडक्यात, काही झाकलं नाही. भीती वाटली होती हे सांगितलं, पण ते कारण म्हणून नाही. ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. भाचा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला होता, तो तिथेच थबकला. ती त्याच्याच आजोबांची गोष्ट होती.

अक्का छताकडे पाहत होती. मग तिने तोंड कापसाकडे वळवलं.

"भायेर बसा जरा," ती म्हणाली. "बठ्ठा."

आम्ही सगळेच अंगणात खाटेवर बसलो. भाच्याच्या बायकोने चहा दिला. तो कोणी प्यायला नाही, भाच्याशिवाय. भाचा बशीत फुंकत फुंकत म्हणाला, "आजा जळगावले गयता? आमले कधी सांगं नही त्यानी. कोनले भी सांगं नही." मग थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाला, "गयता तर."

आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मला वाटलं, आम्ही फार मोठी चूक केली. तरुण पाळक त्यांच्या शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लागेल असे, आणि ते प्रार्थना करत होते की नुसते बसले होते ते मला सांगता येणार नाही. अर्धा तास तरी गेला असेल.

मग आतून हाक आली. "ओ. या."

आम्ही आत गेलो. तिचं तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. तिने आबांना बसा म्हटलं नाही. तिने विचारायला सुरुवात केली, जसं बाजारातून आलेल्या माणसाला विचारतात तसं.

"काय घालेल व्हतं त्यानी?"

"धोतर. पांढरा सदरा. टोपी."

"टोपी धुयेल व्हती का मयकट?"

आबांनी डोळे मिटले. "धुयेल. कोरी दिसत होती."

"हातमा काय व्हतं?"

"पिशवी."

"कसानी पिशवी?"

"कापडाची. भरलेली होती. मी पाहिलं नाही आत काय ते."

"वांगा असतीन," अक्का म्हणाली. "भरीतना. तो वांगा लिसनच जाये कोठे भी." ती भाच्याकडे बघून म्हणाली, आणि भाच्याने जोरात मान हलवली, कारण त्यालाही आठवत होतं.

"चपला काढेल होत्या त्यांनी," आबा म्हणाले. आता त्यांना एकेक आठवत होतं, आणि ते न विचारता सांगत होते. "फाटकाच्या बाहेर. देऊळ आहे म्हणून असेल. ऊन होतं. तापलेल्या फुफाट्यात उभे होते."

अक्काने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "कसा उभा व्हता? दखाडा."

आबांना कळलं नाही.

"उभा कसा व्हता तो? तथा जा, दारशी. दखाडा माले."

भाचा धरायला पुढे झाला, पण आबांनी त्याला हाताने थांबवलं. काठी भिंतीला टेकवून ते खोलीबाहेर गेले, उंबऱ्याच्या पलीकडे, आणि वळले. त्यांनी एक हात चौकटीवर ठेवला, उंचावर नाही, कमरेएवढा, फाटकाच्या आडव्या पट्टीवर ठेवावा तसा. दुसऱ्या हातात पिशवी असावी तसा तो हात खाली सोडला. एका पायावर भार दिला आणि मान थोडी पुढे काढून आत पाहिलं. त्यांची अंगकाठी वेगळी असेल, वय तर वेगळं होतंच. पण ते त्या वेळी आबा दिसत नव्हते. आत यायची परवानगी मागणारा कोणीतरी म्हातारा दिसत होता.

अक्का त्यांच्याकडे पाहत राहिली. भाच्याने मफलर तोंडाला लावला होता.

"हां," ती म्हणाली. "असाच उभा ऱ्हाये तो. पाय दुखे त्याना."

आणि मग, जरा मोठ्याने, दारात ताटकळलेल्या माणसाला म्हणावं तशी: "आते मझार या."

आबा उंबरा ओलांडून आत आले. तिने खाटेवर पाय आखडून घेतले आणि त्यांना बसायला जागा केली.